एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला गरुड : जुन्या जर्मन राज्यांची चांदीची नाणी

नाणेघाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

परदेशी नाण्यांचा विषय इथे अधूनमधून निघतो, पण तो बहुतेक वेळा व्हिक्टोरिया राणी नाहीतर पंचम जॉर्ज यांच्यापाशीच थांबतो. माझ्या संग्रहाचा गाभा जर्मन साम्राज्याची, म्हणजे १८७१ ते १९१८ या काळातली चांदीची नाणी हा आहे. त्यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

१८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. ती चार राजे, सहा ग्रँड ड्यूक, पाच ड्यूक, सात प्रिन्स आणि हाम्बुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक ही तीन स्वतंत्र शहरं अशा २५ घटकांची मोट होती. प्रशियाचा राजा सम्राट झाला, पण बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्गचे राजे आपापल्या सिंहासनांवर कायम राहिले. ही तडजोड १८७३ च्या नाणेकायद्यात अगदी डोळ्यांना दिसते. एक मार्क आणि त्याखालची नाणी सगळीकडे सारखीच. दोन मार्कांपासून वर मात्र पुढच्या बाजूला त्या त्या राज्याच्या राजाचा चेहरा, स्वतंत्र शहर असेल तर शहराचं चिन्ह, आणि मागच्या बाजूला सगळ्यांना एकच शाही गरुड. म्हणूनच ही नाणी मी दोन्ही बाजू मिळून वाचतो. पुढची बाजू सांगते आम्ही कोण, मागची सांगते आम्ही कुणाबरोबर.

थोडं मापांबद्दल. चांदीचा कस ९०० आहे, म्हणजे हजारात शंभर भाग तांबं. दोन मार्क ११.११ ग्रॅम, तीन मार्क १६.६७ आणि पाच मार्क २७.७८. हे आकडे विचित्र वाटले तरी मागचा हिशेब सरळ आहे : प्रत्येक मार्कामागे बरोबर पाच ग्रॅम शुद्ध चांदी. आपला त्या काळातला ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१७ कसाचा. म्हणजे दोन मार्कांचं नाणं हातात घेतलं की ओळखीचं वाटतं, फक्त घेर थोडा कमी, २८ मिलिमीटर.

तीन मार्कांचं नाणं १९०८ पर्यंत नव्हतंच. त्याआधीचे जुने थालेर (साम्राज्याच्या आधीपासूनचं चांदीचं मोठं नाणं) तीन मार्कांच्या भावाने चालत होते. साम्राज्य होऊन छत्तीस वर्षं झाली तरी ते चालू होते, ऑक्टोबर १९०७ मध्ये रद्द झाले. लोकांच्या हाताला त्या मोलाच्या नाण्याची सवय होती, म्हणून पुढच्याच वर्षी तीन मार्क आले. मला हा सगळा क्रम फार आवडतो. राज्यकर्ते बदलतात, कायदे बदलतात, आणि बाजारात बसलेली माणसं आपलं मोजमाप सोडत नाहीत.

या नाण्यांमध्ये रस असलेले आणखी कोणी आहे का इथे? आणि नव्याने सुरू करणाऱ्यांना काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा.

प्राजक्त

खूप छान धागा. मी फक्त भारतीय संस्थानांची नाणी जमवते, पण तुमचं वाचून सयाजीराव गायकवाडांचा चेहरा असलेला बडोद्याचा रुपया आठवला. त्याच काळातला, त्यावर देवनागरी अक्षरं. तिथेही राजा आपला, आणि वर साम्राज्य दुसऱ्याचं. फरक इतकाच की त्या रुपयाच्या मागे ब्रिटिशांचं चिन्ह नाही.

प्रश्न : सुरुवात करायची तर २५ घटकांपैकी कुठून करायची? सगळ्यांचं एकेक नाणं घेणं शक्य असतं का?

नाणेघाट

प्राजक्त, बडोद्याचं उदाहरण नेमकं दिलंत.

"प्रत्येक राज्याचं एक" हा संग्रह ऐकायला सुंदर आहे, पण सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, बाडेन आणि हाम्बुर्गची साधी नाणी सहज मिळतात. पण वाल्डेक-पिर्मोंट, दोन्ही रॉईस घराणी, श्वार्त्सबुर्गची दोन्ही राज्यं यांनी अगदी थोडी नाणी पाडली. वाल्डेक-पिर्मोंटच्या १९०३ च्या पाच मार्कांची संख्या २,००० च्या घरात आहे. तिथे पोचेपर्यंत उत्साहही संपतो आणि पैसेही.

माझा सल्ला : एक राज्य घ्या, आणि त्याचे सगळे राजे क्रमाने लावा. त्यातही बव्हेरिया घ्या.

बव्हेरियाच का, ते सांगतो. पहिला चेहरा राजा दुसऱ्या लुडविगचा. नॉयश्वानश्टाईनचा तो प्रसिद्ध किल्ला बांधणारा. जून १८८६ मध्ये श्टार्नबेर्ग सरोवरात त्याचा मृतदेह सापडला. त्याच्यामागून गादी आली धाकट्या भावाकडे, ओट्टोकडे. ओट्टो आधीपासूनच मानसिक आजाराने फ्युर्स्टेनरीडच्या वाड्यात बंदिस्त होता. त्याने एक दिवसही राज्य केलं नाही, कारभार चुलते लुइटपोल्ड पाहायचे. पण नाण्यांवर १८८८ पासून १९१३ पर्यंत चेहरा ओट्टोचा, आणि भोवती "बव्हेरियाचा राजा ओट्टो" हीच अक्षरं. पाव शतक एक माणूस प्रजेच्या खिशात रोज फिरत होता आणि प्रजेने त्याला पाहिलेलं नव्हतं. लुइटपोल्ड नव्वद वर्षांचे झाले तेव्हा, १९११ मध्ये, त्यांच्या नावाने दोन, तीन आणि पाच मार्क निघाले. त्यानंतर लुइटपोल्डांचा मुलगा, तिसरा लुडविग. राज्यघटना बदलून १९१३ मध्ये तो राजा झाला, १९१४ मध्ये त्याची नाणी निघाली, आणि नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीत जर्मन राजांपैकी सर्वांत आधी राजधानी सोडून गेला तो हाच.

चार चेहरे, चार नाणी, आणि त्यांत एका राजघराण्याचा शेवट. दोन मार्कांत ही मालिका सामान्य माणसाच्या आवाक्यात पूर्ण होते. लुडविग दुसऱ्याचं चांगल्या स्थितीतलं नाणं तेवढं शोधावं लागतं.

सोनारगल्ली

माफ करा, थोडा वेगळा सूर लावतो. आमचा पिढीजात धंदा चांदीचा. पाच मार्कांच्या नाण्यात पंचवीस ग्रॅम शुद्ध चांदी. म्हणजे भाव आणि पंचवीस यांचा गुणाकार केला की किंमत कळली. झिजलेल्या प्रशियन पाच मार्काला त्यापेक्षा फार जास्त पैसे देण्यात काय अर्थ आहे? दागिन्याची घडणावळ मोडताना परत मिळत नाही, तसंच हे. चांदीच घ्यायची तर वजनाने घ्या, चेहऱ्याचे पैसे कशाला?

नाणेघाट

सोनारगल्ली, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे.

दुसऱ्या विल्हेल्मचे १८९१ नंतरचे साधे पाच मार्क भरमसाट पाडले गेले. ते झिजलेले असतील तर मोडीच्या भावाहून थोडंसंच जास्त द्यावं, आणि "दुर्मीळ, शाही" वगैरे लिहून तिप्पट किंमत मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी. इथे तुमचा गुणाकार हा ग्राहकाचा सर्वांत चांगला मित्र आहे.

पण हाच गुणाकार पुढे पुढे आंधळा होतो. व्युर्टेम्बर्गचं १९११ चं तीन मार्कांचं नाणं घ्या, राजा विल्हेल्म आणि राणी शार्लोट यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाचं. त्याचा एक प्रकार असा आहे की राणीच्या नावातल्या एच अक्षराची आडवी रेघ नेहमीपेक्षा वर आहे. बस, एवढाच फरक. वजन तेच, कस तोच, पण तो प्रकार खूपच कमी मिळतो आणि किंमत कित्येक पट. किंवा ब्राउनश्वाइगचं १९१५ चं नाणं. एर्न्स्ट आउगुस्ट गादीवर आला त्याचं. त्यावर ब्राउनश्वाइगच्या पुढे ल्युनेबुर्गचं नाव असेल तर एक किंमत, नसेल तर दुसरी, आणि नाव नसलेलं कितीतरी दुर्मीळ. तराजू यातलं काहीच सांगत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून टोचते, ती इथे लिहितो. चांदीचा भाव चढला की हीच साधी नाणी किलोवर मुशीत जातात. पहिल्या महायुद्धात आणि नंतरच्या काळात हे एकदा मोठ्या प्रमाणावर झालंच आहे. १९२० मध्ये ही नाणी चलनातून रद्द झाली. आज जी "साधी" म्हणून ओळखली जातात ती तशी राहतीलच असं नाही. म्हणून निदान चांगल्या स्थितीतली नाणी मोडीत घालू नका, एवढी विनंती आपल्या धंद्यातल्या मंडळींपर्यंत पोचवाल का?

सोनारगल्ली

एचच्या रेघेची गोष्ट माहीत नव्हती. आमच्याकडे मोडीत परदेशी नाणी येतात, त्यात अशी असतील तर आधी बाजूला काढून ठेवीन. वजनाचा मुद्दा मात्र सोडत नाही.

नेकारकाठ

मी गेली बरीच वर्षं श्टुटगार्टला राहतो. इथून थोडी भर.

यातल्या बहुतेक नाण्यांवर राजाच्या चेहऱ्याखाली किंवा शहराच्या चिन्हाखाली बारीक अक्षर असतं, ती टाकसाळीची खूण. ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, ई आधी ड्रेस्डेन आणि १८८७ पासून मुल्डेनह्युट्टेन, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूहे, एच डार्मश्टाट, जे हाम्बुर्ग. बी होतं हानोव्हरचं आणि सी फ्रांकफुर्टचं. या शेवटच्या दोघांची गोष्ट मजेशीर आहे. हानोव्हर हे १८६६ पर्यंत स्वतंत्र राज्य होतं आणि फ्रांकफुर्ट स्वतंत्र शहर. त्या वर्षीच्या युद्धानंतर प्रशियाने दोन्ही गिळली, राजाही गेला आणि शहराचं स्वातंत्र्यही, पण टाकसाळी चालू राहिल्या. त्याही १८७८ आणि १८७९ मध्ये बंद झाल्या. म्हणून बी आणि सी अक्षरं फक्त सुरुवातीच्या वर्षांतच दिसतात.

आता तुमच्याकडे कोणी नातेवाईक युरोपातून आले असतील आणि खिशात जर्मन युरो असतील तर बघा. ए, डी, एफ, जी, जे ही पाच अक्षरं आजही त्यांवर आहेत. माझ्या शहराचं एफ दोन युरोवर दिसलं की बरं वाटतं.

खरेदीबद्दल : इथे बहुतेक शहरांत नाण्यांचे मेळे भरतात, रविवारचे. दुकानदार नाण्याची स्थिती जर्मन श्रेणीत लिहितात. श्टेम्पेलग्लान्झ म्हणजे टाकसाळीतून नुकतंच आलेलं, फोरत्स्यूग्लिश म्हणजे अगदी किरकोळ झीज, झेअर श्योन म्हणजे दिसेल एवढी झीज पण तपशील शाबूत. सगळ्या दुकानांत आणि लिलावगृहांत येगर क्रमांक, म्हणजे येगर यांच्या जर्मन नाण्यांच्या सूचीतला क्रमांक, वापरतात. प्रशियाचे दुसऱ्या विल्हेल्मचे साधे दोन मार्क म्हणजे येगर १०२. वर्णन समजलं नाही तरी क्रमांकावरून फसवणूक टळते. लिलावात घेणार असाल तर बोलीवर खरेदीदाराची दलाली वेगळी लागते, साधारण वीस ते पंचवीस टक्के. ती आधी धरूनच बोली लावा.

अंकुशी

एक मोठा मुद्दा राहतोय. या नाण्यांचा आणि आपल्या रुपयाचा फार जवळचा संबंध आहे.

नाणेघाट, तुम्ही लिहिलंत की मार्कामागे पाच ग्रॅम चांदी. पण १८७३ च्या कायद्याने जर्मनी सोन्याच्या चलनावर गेली. चांदीची ही नाणी फक्त हातखर्चाची झाली; वीस मार्कांपेक्षा जास्त रक्कम चांदीत घ्यायची सक्ती कोणावर नव्हती. मग जुन्या राज्यांची जी चांदी गोळा झाली तिचं करायचं काय? जर्मन सरकार ती विकत सुटलं. १८७३ ते १८७९ या काळात सुमारे ३५ लाख किलो चांदी बाजारात आली, मुख्यतः लंडनच्या. त्याच वेळी अमेरिकेतल्या खाणी भरभरून चांदी देत होत्या, आणि फ्रान्ससारख्या देशांनी चांदी पाडणं थांबवलं होतं. भाव कोसळला. १८७९ मध्ये बिस्मार्कने विक्री थांबवली, पण घसरण थांबली नाही.

इकडे मुंबईच्या टाकसाळीत तेव्हा कोणीही चांदी घेऊन यावं आणि रुपये पाडून न्यावेत अशी मोकळीक होती. रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. १८७० च्या सुमाराला जवळपास दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेत दरवर्षी जी रक्कम पौंडात भरावी लागे, पेन्शनं, कर्जावरचं व्याज वगैरे, तिच्यासाठी जास्त जास्त रुपये लागायला लागले, आणि ते रयतेकडूनच. शेवटी २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थानातल्या टाकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या. त्यानंतर रुपयाचं मोल चांदीवर राहिलं नाही, पुढे ते एक शिलिंग चार पेन्सांवर बांधलं गेलं.

मुंबईच्या गिरण्यांनाही याची झळ बसली. चीन चांदीवरच होता आणि आपलं सूत तिकडे जायचं. रुपया चांदीपासून तुटल्यावर चिनी गिऱ्हाइकाला ते महाग पडायला लागलं, आणि गिरणीमालकांनी तक्रारी केल्या.

तेव्हा १८७५-७६ चा मार्क हातात घेतलात तर ध्यानात ठेवा, तो पाडणाऱ्या सरकारच्याच दुसऱ्या हातातून विकली जाणारी चांदी फोर्टातल्या टाकसाळीचं दार बंद व्हायला एक कारण ठरली. एकमेव नव्हे, पण मोठं.

प्राजक्त

अंकुशी, हे कधीच असं जोडून वाचलं नव्हतं. १८९३ चा निर्णय शिकवताना "चांदीचा भाव पडला" एवढंच सांगतात, का पडला ते नाही.

दारेसलाम_ते_दादर

रुपयाचा विषय निघालाच आहे तर जर्मन रुपया राहून जायला नको.

जर्मन पूर्व आफ्रिका, म्हणजे आजचा टांझानियाचा मुख्य भूभाग आणि शेजारचा रवांडा-बुरुंडी. तिथे जर्मन कंपनी पोचली तेव्हा किनाऱ्यावर रुपया चालत होता. कच्छी, गुजराती आणि मुंबईकर व्यापाऱ्यांचा सगळा व्यवहार रुपयात. मार्क लादून उपयोग नव्हता. म्हणून १८९० पासून जर्मन पूर्व आफ्रिका कंपनीने चांदीचे रुपयेच पाडले. वजन ११.६६ ग्रॅम आणि कस ९१७, हुबेहूब आपल्या रुपयाइतकं. चौसष्ट पेसांचा एक रुपया, आपल्या चौसष्ट पैशांसारखाच. पुढच्या बाजूला दुसरा विल्हेल्म, डोक्यावर गरुडाचं शिरस्त्राण, भोवती लॅटिनमध्ये नाव. मागे ताडाचं झाड आणि सिंह. १९०४ पासून वसाहत सरकारने शंभर हेलरचा रुपया सुरू केला, मागच्या बाजूला ताडाच्या फांद्या आल्या, आणि पंधरा रुपये म्हणजे वीस मार्क असा दर ठरला. त्याच सुमाराला हिंदुस्थानात पंधरा रुपयांचा एक पौंड होता, आणि वीस मार्कांचं सोनं पौंडाच्या सोन्याच्या जवळपास. म्हणजे दोन्ही रुपये शेवटपर्यंत बरोबरीनेच चालले.

जर्मन सम्राटाच्या चेहऱ्याखाली रुपया! आमच्या घरातले जुने लोक त्या किनाऱ्यावर नोकरीला होते, त्यामुळे माझ्यासाठी हे संग्रहातलं पहिलं नाणं. पूर्ण जर्मन मालिका जमवण्यात रस नसेल तर मराठी संग्राहकाने निदान हे एक घ्यावं असं मला वाटतं. एक रुपया फार महाग नाही. दोन रुपयांचं नाणं मात्र विसरा, ते भलतंच दुर्मीळ आहे.

नाणेघाट

दारेसलाम_ते_दादर, तुम्ही नसता तर हे मीच लिहिलं असतं, पण इतकं चांगलं नाही. प्राजक्त, तुमच्या संस्थानी नाण्यांशेजारी हा रुपया छान बसेल.

कोकणकडा

सर्वांना नमस्कार. माझा प्रश्न अगदी व्यवहारातला. वडिलांच्या एका मित्राने चार-पाच जर्मन नाणी दिली आहेत, काळीकुट्ट झालेली. आई म्हणते पितांबरीने घासून दे, लख्ख होतील. कोणी म्हणतं चिंच लाव. आमच्याकडे पावसाळ्यात चांदी महिनाभरातच काळी पडते. काय करू?

नाणेघाट

कृपया काहीही लावू नका! पितांबरी, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीही नाही. देवघरातल्या ताम्हनाला ते योग्य आहे. नाण्यावर या सगळ्याने बारीक ओरखडे उठतात आणि टाकसाळीतून मिळालेली मूळ झळाळी कायमची जाते. ती परत आणता येत नाही. वर्षानुवर्षांत चढलेला करडा-निळसर थर हा चांदीचा स्वतःचा रंग आहे, जाणकार त्याला जास्त पैसे मोजतात. घासून चकाकणारं नाणं दुकानदार दुरूनच ओळखतो.

फक्त धूळ किंवा तेलकट चिकटा असेल तर साधं कोमट पाणी, एखादा थेंब सौम्य साबण, मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घेणं. चोळायचं नाही.

ठेवण्याबद्दल : वासाच्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नको, त्यातून हिरवा चिकट थर उठतो. कडक, वासरहित प्लास्टिकच्या डबीत किंवा पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. लाकडी कपाटात, खासकरून ताज्या पॉलिशच्या, नको. नाणं नेहमी कडेला धरून उचला, छाप-काट्यावर बोट लावू नका.

फोटो टाकता आले तर टाका, बघू काय काय आहे.

कोकणकडा

फोटो टाकायला जमत नाहीये, वर्णन करतो. एकावर दाढीवाला माणूस, उजवीकडे बघतोय, फ्रीडरिश असं नाव, १८८८, खाली ए. एकावर मोठी इमारत, १९१३. एकावर अक्षरं दिसतात पण चेहरा घासलेला. आणि एकाच्या वरच्या कडेला बारीक खड्डा आणि करडा डाग आहे.

नाणेघाट

पहिलं नाणं हाती जपून ठेवा. तो सम्राट तिसरा फ्रीडरिश. १८८८ हे जर्मनीत तीन सम्राटांचं वर्ष. पहिला विल्हेल्म ९ मार्चला गेला. मुलगा फ्रीडरिश गादीवर आला तेव्हा त्याला घशाचा कर्करोग होता, बोलताही येत नव्हतं. ९९ दिवस राज्य करून १५ जूनला तोही गेला, आणि नातू दुसरा विल्हेल्म सम्राट झाला. फ्रीडरिश उदार विचारांचा समजला जायचा. तो जगला असता तर जर्मनीचं पुढचं चित्र वेगळं असतं का, यावर अजून वाद होतो. इतक्या थोड्या दिवसांतही त्याचे दोन आणि पाच मार्क पाडले गेले. दोन मार्क पाच लाखांच्या घरात. लोकांनी आठवण म्हणून घरात ठेवून दिले, त्यामुळे ते चांगल्या स्थितीत मिळतात. दुर्मीळ नाही, पण माझ्या मते या संपूर्ण मालिकेतलं सर्वांत बोलकं नाणं हेच.

इमारत म्हणजे लाइप्झिगच्या राष्ट्रसंग्रामाचं स्मारक. नेपोलियनविरुद्धच्या १८१३ च्या लढाईला शंभर वर्षं झाल्याचं सॅक्सनीचं तीन मार्क. त्याची नोंदलेली संख्या ९,९९,९९९. साहजिकच सगळीकडे मिळतं, आणि नवख्याने घ्यायला उत्तम.

शेवटच्या नाण्याबद्दल सोनारगल्ली जास्त चांगलं सांगतील.

सोनारगल्ली

वरच्या कडेला खड्डा आणि करडा डाग म्हणजे तिथे कडी लावलेली होती. माळेत किंवा ब्रोचसाठी. नंतर कडी काढून कड घासली. आपल्याकडे रुपयांचे हार करतात तसं तिकडेही करत. संग्राहकाच्या दृष्टीने किंमत निम्म्याहून खाली जाते. असं नाणं मोडीच्या भावात ठीक.

खऱ्याखोट्याची एक सोपी कसोटी सांगतो, सोनार नेहमी करतो ती. बारीक वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. पाच मार्कांचं खरं नाणं असेल तर काटा २.७ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. निकेल-तांब्याचं असेल तर ३ च्या वर जाईल. नाण्याला इजा नाही, आम्ल लावायची गरज नाही.

नेकारकाठ

ही कसोटी मीही करतो, फार उपयोगी आहे. त्यासोबत कड बघा. तीन आणि पाच मार्कांच्या कडेवर "गॉट मिट उन्स", म्हणजे देव आमच्याबरोबर आहे, अशी अक्षरं खोल आणि सारखी उमटलेली असतात. दोन मार्कांची कड मात्र नुसती दातेरी. ओतीव नकलेत अक्षरं बुजलेली दिसतात किंवा कडेवर जोडाची रेघ दिसते.

आणि एक इशारा. सॅक्सनीचं १९१७ चं तीन मार्क, फ्रीडरिश द वाइज यांचं. मार्टिन ल्यूथरला आसरा देणारा हा सॅक्सनीचा शासक. धर्मसुधारणेला चारशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने मुल्डेनह्युट्टेनच्या टाकसाळीत, युद्ध ऐन भरात असताना, फक्त १०० नाणी पाडली. येगर १४१. या सगळ्या मालिकेचा मुकुटमणी. कोणी तुम्हाला ते बाजारात दोन-पाच हजार रुपयांत देत असेल तर ती नक्कल आहे, दुसरी शक्यताच नाही. तसंच बव्हेरियाचं १९१८ चं, लुडविग आणि मारिया थेरेझा यांच्या सुवर्णविवाहाचं तीन मार्क : १३० नाणी. व्युर्टेम्बर्गचं १९१६ चं : १,०००. याही नाण्यांच्या नकला भरपूर फिरतात.

अंकुशी

युद्धातली नाणी हा मला वेगळा विषय वाटतो. लोकांकडे कागदी पैसा, चांदी घरात दडवलेली, आणि राजे मात्र आपली लग्नं, राज्यारोहणं साजरी करायला शंभर-हजार नाणी पाडताहेत. १९१५ चं प्रशियाचं मान्सफेल्ड (हे तिथल्या एका परगण्याचं नाव) तीन मार्क त्याच काळातलं, सेंट जॉर्ज ड्रॅगनला मारतोय. नक्षीकाम अप्रतिम आहे, ३०,००० पाडली. पण ते बघताना १९१५ साल डोक्यातून जात नाही.

नाणेघाट

खरं आहे. माझ्याकडे मान्सफेल्ड नाही, आणि त्याची ओढ आहे हेही खरं.

ज्यांना १८७१ च्या आधी जायचं असेल त्यांच्यासाठी एक नाव सुचवून ठेवतो. बव्हेरियाच्या पहिल्या लुडविगचे इतिहास-थालेर. या राजाने १८२५ पासून आपल्या राज्यातल्या घटना थालेरवर कोरून घ्यायला सुरुवात केली : करार, स्मारकं, संस्था. त्यातल्या बहुतेकांचे साचे कोरणारा कार्ल फ्रीडरिश फॉइग्ट. त्यातला १८२८ चा एक थालेर बघाच : मध्ये राणी थेरेझे आणि भोवती तिच्या आठही मुलांचे छोटे चेहरे. सामान्यपणे नाण्यावर एकट्या राजाची सत्ता दिसते, इथे अख्खं कुटुंब आहे. महाग आहे, पण बर्लिनच्या बोडे संग्रहालयातल्या नाणेविभागाचा संग्रह इंटरनेटवर मोफत बघता येतो. विकत घेण्याआधी तिथे दोन्ही बाजू नीट पाहून घ्यायची सवय लावा, डोळा तयार होतो.

प्राजक्त

ठरवलं. आधी जर्मन रुपया, मग बव्हेरियाचे चार चेहरे. नेकारकाठ, तुम्ही भारतात येताना ओट्टोचं दोन मार्क आणू शकाल का? पैसे आधी पाठवते.

नेकारकाठ

आणतो, ताई. झेअर श्योनपेक्षा चांगलं मिळालं तरच घेतो, आधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो पाठवीन. भारतात आणण्याआधी सीमाशुल्काचे सध्याचे नियम मी तपासतो, पावती सोबत ठेवीन. एक गोष्ट सगळ्यांसाठी : उलट दिशेने, भारतातून बाहेर, शंभर वर्षांहून जुनी नाणी नेता येत नाहीत. १९७२ च्या कायद्यात ती पुरावशेष धरली जातात, मग ती जर्मन का असेनात. सुट्टीवर आलेल्या मंडळींनी भारतातल्या बाजारात घेऊन परत नेऊ नयेत.

कोकणकडा

घासलेल्या चेहऱ्याच्या नाण्याची अक्षरं भिंगाखाली वाचली. "फ्राये उंड हान्सेश्टाट" एवढं लागतंय, आणि चेहरा नाहीच आहे मुळी, दोन बाजूंना दोन सिंह आहेत आणि मध्ये किल्ल्यासारखं काहीतरी. खाली जे.

नाणेघाट

मग ते हाम्बुर्ग. राजा नाही म्हणून चेहरा नाही, शहराच्या तटबंदीचं चिन्ह आणि दोन्हीकडे ढाल धरणारे सिंह. जे म्हणजे त्याच शहराची टाकसाळ. कड बघून सांगा, अक्षरं आहेत की दाते, आणि घेर मोजा. ३३ मिलिमीटर असेल तर तीन मार्क, ३८ असेल तर पाच. साल दिसलं की तेही टाका.